पाच मीटर तांबं

घरात उत्तम अ‍ॅम्प्लिफायर आला, त्याहून उत्तम स्पीकर आले, खोलीत कुठे काय ठेवायचं ते ठरलं, की ओळखीतली माणसं मला फोन करतात. प्रश्न ठरलेला असतो. "ताई, वायर कुठली घेऊ?" आकाशवाणीच्या कंट्रोल रूममध्ये आयुष्य काढलेल्या बाईला हे ठाऊक असणार, असं त्यांना वाटतं, आणि ते खरंच आहे. मी साधी, स्वस्त वायर सांगते. मग समोरचा जरा हिरमुसतो. लाखांत खर्च केल्यावर शेवटच्या पाच मीटरसाठी हात आखडता का घ्यायचा, असं त्याच्या मनात येतं. त्याची शंका मला रास्त वाटते, म्हणून मी त्याला या पाच मीटर तांब्याची हकिगत सांगते. तार चांगली कशी करायची, हा प्रश्न समुद्रातून तार नेणाऱ्यांनी आणि टेलिफोनवाल्यांनी आपल्या खूप आधी सोडवून ठेवला आहे. त्याची किंमतही त्यांनीच मोजली आहे.

हकिगत १८५७ पासून सुरू होते. अटलांटिकच्या तळाशी तार टाकायची तयारी तेव्हा चालली होती. ग्लासगोचा प्राध्यापक विल्यम थॉमसन, जो पुढे लॉर्ड केल्व्हिन झाला, वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेल्या तांब्याच्या तारा मोजत होता. दिसायला सगळ्या सारख्या, जाडी सारखी, भाव सारखा. मोजल्यावर मात्र काही तारांतून वीज दुसऱ्या तारांच्या जवळपास निम्मीच वाहत होती. तोवर तांबं म्हणजे तांबं, अशीच समजूत होती. थॉमसनने आपली मोजमापं त्याच वर्षी रॉयल सोसायटीपुढे मांडली आणि पुढे आग्रह धरला की तांबं विकत घेताना त्याची वाहकता करारातच लिहून घ्यायची आणि कारखान्यात प्रत्येक लांबी तपासायची. किंचित आर्सेनिक राहिलं तरी तांब्याची वाहकता किती घसरते, ते ऑगस्टस मॅथिसेनने पुढच्या काही वर्षांत दाखवून दिलं.

थॉमसनला दुसरीही एक गोष्ट कळली होती. समुद्रातल्या तारेभोवती गटापर्चाचं आवरण असे. मलायातल्या झाडाचा तो चीक. आत तांबं, बाहेर खारं पाणी आणि मधे हे आवरण, म्हणजे हजारो किलोमीटर लांबीचा एक कपॅसिटरच झाला. एका टोकाला दिलेला ठोका दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पसरून जाई. लांबी दुप्पट झाली की हा विलंब चौपट होतो, हे त्याने गणिताने सांगितलं होतं. तार टाकणाऱ्या कंपनीचा इलेक्ट्रिशियन वाइल्डमन व्हाइटहाउस याला ते पटलं नाही. १८५८ च्या ऑगस्टमध्ये तार जोडली गेली तेव्हा राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे जायला सुमारे १६ तास लागले. व्हाइटहाउसने उपाय म्हणून दाब वाढवला, २,००० व्होल्टपर्यंत. आधीच दुबळी असलेली ती तार काही आठवड्यांत कायमची गप्प झाली.

पुढच्या तारा थॉमसनच्या हिशोबाने झाल्या: जाड तांबं, शुद्ध तांबं, जाड आवरण. त्यांतली एक आपल्या दारात येऊन पोचली. अटलांटिक जोडणारं अवाढव्य 'ग्रेट ईस्टर्न' जहाज १८७० च्या सुरुवातीला मुंबईत आलं आणि त्याने फेब्रुवारीत मुंबई ते एडन तार टाकली. एडनहून सुवेझ, तिथून माल्टा, जिब्राल्टर, आणि जूनमध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर पोर्थकर्नो. लंडनचा निरोप मुंबईला आता पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर येऊ लागला. मुंबईच्या कापूस बाजारावर याचा काय परिणाम झाला ते अर्थशास्त्राच्या इतिहासात वाचायला मिळतं. माझ्या धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की इतक्या लांबवर तार न्यायची तर तांब्यात खोट चालत नव्हती, म्हणून जगाने तांबं शुद्ध करायला घेतलं. जेम्स एल्किंग्टनने विजेच्याच साहाय्याने तांबं शुद्ध करायच्या पद्धतीचं पेटंट १८६५ मध्ये घेतलं होतं. तीच रीत पुढे सगळीकडे पसरली. १९१३ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं: मऊ केलेल्या तांब्याची अमुक इतकी वाहकता म्हणजे १०० टक्के.

हा १०० चा आकडा मी प्रत्येकाला लक्षात ठेवायला सांगते. आज भिंतीतल्या प्लगला वापरतात ते चांगल्या कंपनीचं साधं तांबं या मापावर १०० च्या आसपास असतं. दुकानात ज्याच्यासाठी कितीतरी जास्त पैसे मागतात ते ऑक्सिजनमुक्त तांबं १०१ वर. शुद्ध चांदी १०६ च्या आसपास. थॉमसनच्या वेळी चांगल्या आणि वाईट तांब्यात दुपटीचा फरक होता. आता उरला आहे तो एका टक्क्याचा. दीड चौरस मिलिमीटरची वायर अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत पाच मीटर नेली, तर जाऊन-येऊन तिचा विरोध ०.११५ ओहम भरतो. त्याचा एक टक्का म्हणजे एका ओहमचा साधारण हजारावा भाग. स्पीकरच्या आतल्या कॉइलची तार थोडी तापली की तिचा विरोध याच्या कितीतरी पट वाढतो.

टेलिफोनची गोष्ट वेगळी आणि मला अधिक जवळची. १८८२ मध्ये मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. त्या काळी टेलिफोनला एकच तार असे आणि परतीचा मार्ग जमिनीतून. शेजारच्या तारेवरचं बोलणं आपल्या तारेत ऐकू येई. परदेशात विजेच्या ट्राम धावू लागल्या तेव्हा तर टेलिफोनमधला गुरगुराट असह्य झाला. उपाय अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ च्या पेटंटमध्येच मांडला होता: दोन तारा घ्या आणि त्या एकमेकींभोवती पिळून न्या. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांत सारखाच शिरतो आणि टोकाला बसवलेला ट्रान्सफॉर्मर फक्त दोन तारांमधला फरक पुढे पाठवतो. गोंगाट तिथेच राहतो, बोलणं पुढे जातं. आज स्टुडिओत मायक्रोफोनला जी बॅलन्स्ड केबल लावतात तिचा सगळा गाभा एवढाच. एका तारेभोवती दुसरी नळीसारखी गुंडाळायची कल्पना ऑलिव्हर हेविसाइडची, १८८० ची. हा गृहस्थ बहिरा होत चालला होता, सोळाव्या वर्षीच शाळा सोडलेला होता आणि आयुष्यभर पैशांच्या ओढाताणीत राहिला. तारेतून लाट कशी जाते याची आज शिकवली जाणारी समीकरणं त्याची आहेत. त्याच्याविषयी वाचताना मला दर वेळी गलबलून येतं.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस मी नोकरीला लागले तेव्हा हा सगळा वारसा आमच्या हाताखाली रोज वापरात होता. एखाद्या सभागृहात मैफल असली की तिथून स्टुडिओपर्यंत गाणं आणायचं ते टपाल-तार खात्याकडून भाड्याने घेतलेल्या टेलिफोनच्या जोडतारेवरून. बोलण्यासाठी ३०० ते ३,४०० हर्ट्झ पुरतात. तानपुऱ्याला पुरत नाहीत. म्हणून त्या लाइनवर बोलण्यासाठी बसवलेल्या, वरचे सूर अडवणाऱ्या लोडिंग कॉइल काढाव्या लागत आणि नंतर लाइन 'इक्वलाइझ' करावी लागे. सभागृहातला सहकारी आधी १,००० हर्ट्झचा सूर पाठवी, मग १००, मग ५,०००, आणि मी स्टुडिओच्या टोकाला काटा बघत वरच्या सुरांची घट भरून काढी. केबल आवाज बदलते का, असं मला विचारतात तेव्हा मी ठामपणे हो म्हणते, कारण मी ते मीटरवर पाहिलं आहे आणि कानांनी ऐकलं आहे. पण ती केबल रस्त्याखालून कित्येक किलोमीटर आलेली असे आणि तिच्या आतली तार फार बारीक असे. इमारतीच्या आत, रॅकपासून रॅकपर्यंत, आम्ही मेणाच्या दोऱ्याने बांधलेल्या साध्या जोडतारा वापरत होतो. तिथे मोजण्यासारखी घट कधी सापडली नाही. माझ्या वरिष्ठांचा कटाक्ष होता तो सांध्यांवर. सोल्डर चकचकीत आणि नीट वाहिलेलं हवं. मंद, दाणेदार दिसलं की ते सांधा कापून टाकायला लावत.

गाण्यातला सर्वांत बारीक सूर, २०,००० हर्ट्झचा, तारेतून जाताना त्याच्या एका लाटेची लांबी साधारण १० किलोमीटर असते. घरातली पाच मीटर तार त्या लाटेचा दोन हजारावा भाग आहे. व्हिक्टोरियाचा संदेश जिच्यामुळे रखडला ती अडचण एवढ्याशा अंतरात उभीच राहत नाही.

मग घरगुती केबलचा एवढा मोठा व्यापार कसा उभा राहिला? अमेरिकेत १९७० च्या दशकापर्यंत स्पीकरला दिव्याची वायर लावत, नाहीतर दुकानदार स्पीकरबरोबर फुकट देई ती बारीक, २४ गेजची. त्या दशकात ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर ताकदवान झाले, स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, काही सुरांना ४ ओहमच्याही खाली घसरू लागला, आणि बारीक वायर खरोखरच अपुरी पडू लागली. गणित सोपं आहे. २४ गेजची पाच मीटर वायर, जाऊन-येऊन, ०.८४ ओहम. ४ ओहमच्या स्पीकरला त्यामुळे दीड डेसिबलहून जास्त घट. आणि स्पीकरचा विरोध प्रत्येक सुराला वेगळा असल्यामुळे ही घटही सगळीकडे सारखी नसते, गाण्याचा रंगच थोडा बदलतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात नोएल ली नावाचा इंजिनिअर आणि ड्रमवादक निरनिराळ्या वायरी लावून ऐकत बसे. त्याला जाड वायरीचा आवाज बरा वाटला आणि १९७९ च्या सुमारास त्याने मॉन्स्टर केबल कंपनी काढली. त्याचं निरीक्षण बरोबर होतं, हे मी आवर्जून सांगते. जाड वायर बारीक वायरीपेक्षा चांगलीच. पण जाड वायर बाजारात आधीपासूनच होती. त्याने नवीन आणलं ते विकण्याचं तंत्र. अ‍ॅम्प्लिफायरवर दुकानदाराला थोडा नफा सुटे, केबलवर भरपूर. त्यामुळे प्रत्येक दुकानदार केबलचा प्रचारक झाला.

१९८३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकासाठी लॉरेन्स ग्रीनहिलने चाचणी घेतली. ऐकणाऱ्यांना कुठली केबल लावली आहे ते कळू न देता तीन केबली ऐकवल्या: मॉन्स्टर, १६ गेजची दिव्याची वायर आणि २४ गेजची फुकटातली. गाणं ऐकताना मॉन्स्टर आणि दिव्याची वायर कुणालाही वेगळी काढता आली नाही. २४ गेजची मात्र दोन्हींपेक्षा कमी ठरली. इतकी स्वच्छ चाचणी होऊनही बाजार वाढतच गेला, आणि त्याचं मला दुःख आहे, कारण त्या पैशांत लोकांनी चांगल्या ध्वनिमुद्रिका घेतल्या असत्या, खोलीत जाड पडदे आणि सतरंज्या घातल्या असत्या. ऐकणाऱ्यांना मी खोटं पाडत नाही. आवाज जरासा मोठा झाला तरी कानाला तो अधिक चांगला वाटतो, आणि केबल बदलताना कुणी पातळी मोजून सारखी करत नाही. उलट त्याच सुमारास अगदी बारीक तारांची घट्ट वेणी घातलेल्या काही महागड्या केबली आल्या, त्यांचा कपॅसिटन्स इतका जास्त होता की काही अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्यामुळे अस्थिर होत.

आपल्याकडे त्या वर्षांत आयात जवळजवळ बंद होती. बाहेरची केबल यायची ती आखातातून परतणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून. मुंबईत लॅमिंग्टन रोड होता, ज्याचं नाव आता डॉ. भडकमकर मार्ग. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत तिथे पोचलं की रेझिस्टरपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत सगळं मिळे. वायर मागायची तर गेज आणि मिलिमीटरच्या आधी तारांचे आकडे सांगायचे: २३/७६, ४०/७६, ७०/७६. पहिला आकडा आतल्या बारीक तारांचा. दुसरा प्रत्येक तारेच्या जाडीचा, ०.००७६ इंच, म्हणजे इंग्लंडने १८८४ मध्ये कायदेशीर केलेल्या तारमापातला ३६ नंबर. टेबल फॅनला २३, त्याहून जड कामाला ४०. आता हिशोब करा. ४०/७६ मध्ये तांबं भरतं १.१७ चौरस मिलिमीटर, म्हणजे ग्रीनहिलच्या चाचणीत मॉन्स्टरच्या बरोबरीने उतरलेल्या दिव्याच्या वायरीपेक्षा थोडंसंच कमी. ७०/७६ तर तिच्याहून बरीच जाड, दोन चौरस मिलिमीटरच्या वर. पुण्यात १९५८ मध्ये छाब्रिया बंधूंनी सुरू केलेल्या फिनोलेक्ससारख्या कारखान्यांतून ही तार गाडीच्या सुट्या भागांपासून घरापर्यंत सगळीकडे जात होती. परदेशी केबल नाही म्हणून हळहळणाऱ्या रसिकांच्या भिंतीत त्यांना हवी ती वायर आधीपासूनच होती.

गणेशोत्सवातल्या लाउडस्पीकरवाल्यांना तर हे शिकवावं लागलं नाही. गल्लीच्या एका टोकाला मंडप, दुसऱ्या टोकाला भोंगा. ३० वॅटचा भोंगा ८ ओहमवर चालवला तर तारेतून जवळपास २ अँपिअर जातात आणि ताकद तारेतच जिरते. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरच्या १०० व्होल्टच्या टोकावरून लाइन काढायची, भोंग्यापाशी ट्रान्सफॉर्मर लावायचा, म्हणजे ०.३ अँपिअरमध्ये काम होतं आणि बारीक तार पुरते. अंतर वाढलं की काय करायचं, हे ज्याला रोज अंतराशी झगडावं लागतं त्याला नेमकं कळतं.

तर मी काय सांगते? स्पीकर पाच मीटरच्या आत असेल तर दीड चौरस मिलिमीटर, दहाच्या आसपास असेल किंवा स्पीकर ४ ओहमचा असेल तर अडीच. आयएस ६९४ चा शिक्का असलेली, बहुतारी, लवचीक, तांब्याची वायर. जवळ नेता येईल तितका अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरच्या जवळ न्या. टोकं नीट सोला, एकही तार सुटी राहू देऊ नका, स्क्रू वर्षातून एकदा कसा. आपल्या दमट हवेत उघडं तांबं काळं पडतं, आणि सांध्यावरचा तो काळेपणा वायरीच्या जातीपेक्षा कितीतरी महत्त्वाचा. स्वस्ताईत खरा धोका आहे तो तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा. स्पीकर वायर म्हणून सर्रास मिळते ती पारदर्शक, जाडजूड वायर पुष्कळदा अशी असते. अ‍ॅल्युमिनियमची वाहकता १०० पैकी ६१. थॉमसनने दाखवलेली खोट दीडशे वर्षांनी परत आली आहे ती इथे.

वायर पुरेशी जाड असेल तर घरात एकच जागा अशी उरते जिथे केबलच्या निवडीने सूर खरोखर बदलतो, आणि ती म्हणजे रेकॉर्ड प्लेअर. मूव्हिंग मॅग्नेट पिकअपच्या आत हजारो वेढ्यांची बारीक कॉइल असते. तिच्यापुढे केबलचा कपॅसिटन्स आला की दोघं मिळून वरच्या सुरांना उठाव देतात किंवा कापतात. अटलांटिकच्या तारेत थॉमसनला छळणारी गोष्ट इथे एका मीटरमध्ये ऐकू येते. पिकअपच्या कागदावर किती पिकोफॅरड हवेत ते लिहिलेलं असतं. बहुतेकांना १०० ते ३०० च्या मधे कुठेतरी चालतं, आणि त्यात टोनआर्मच्या आतली तार व अ‍ॅम्प्लिफायरचं स्वतःचं मापही धरायचं. गायिका केसरबाई केरकरांच्या जुन्या तबकड्यांवर वरचा खरखराट बोचत असेल तर पिकअपला दोष देण्याआधी मी ही बेरीज करून बघते.

त्यासाठी लागणारी केबलही दुसऱ्याच कुणासाठी बनलेली आहे. १९९१ नंतर गच्चीगच्चीवरून केबल टीव्हीच्या तारा गेल्या आणि हेविसाइडची कोअ‍ॅक्सिअल केबल गल्लीतल्या दुकानात आली. आर. जी. ५९ जातीच्या घन पॉलिथीनच्या केबलला मीटरमागे साधारण ६७ पिकोफॅरड, फेसाळ आवरणाच्या केबलला ५०-५५. उपकरणं एकमेकांना जोडणाऱ्या महागड्या इंटरकनेक्ट केबलींपैकी बऱ्याच याहून वर असतात. घेताना मात्र पाहून घ्या. टीव्हीच्या स्वस्त केबलमध्ये मधली तार बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते आणि वरची जाळी अ‍ॅल्युमिनियमची, जिला सोल्डर धरत नाही. कॅमेऱ्यांसाठी विकतात त्या चांगल्या केबलमध्ये दोन्ही तांब्याची मिळते. दुकानात जाताना खिशात एक छोटा लोहचुंबक आणि ब्लेड ठेवा. मधली तार चुंबकाला चिकटली तर आत पोलाद आहे. जाळीची तार किंवा स्पीकर वायरीतली एखादी तार ब्लेडने खरवडून पांढरी निघाली, तर कापलेलं टोक काचेखाली धरून बघा: तांब्यावर नुसती कल्हई असेल तर आत लाल दिसतं. आतही पांढरंच दिसलं तर ती वायर दुकानदाराला परत करा.